पडलेलं विमान घेऊन या : आमची वाटचाल

म्हापशाच्या बाजारातलं आमचं दुकान बाबांच्या वेळचं. पाटीवर अजून ‘स्टेशनरी व मखर’ एवढंच आहे. नवीन गिऱ्हाईक पाटी वाचून पुढे जातं, कोपऱ्यावर चौकशी करतं आणि परत येऊन विचारतं, ‘विमानं मिळतात ते हेच का?’ हेच. फोमची, रिमोटवर उडणारी. पाटी बदलायचं दर वर्षी ठरतं, पण बाबांनी स्वतः रंगवलेली अक्षरं उतरवायला कोणाचा हात उचलत नाही.

बाबांचा खरा धंदा चवथीच्या आधीच्या दोन महिन्यांत व्हायचा. थर्माकोलच्या कमानी, खांब, मोर. चवथ झाली की दिवाळीच्या तोंडावर नरकासुराचे डोळे आणि सुळे. मी आणि धाकटा भाऊ शाळेत असल्यापासून तारेवर बसायचो. जुन्या हीटरच्या कॉइलची तार लाकडी धनुष्यात ताणायची, तिला ट्रान्सफॉर्मर जोडायचा आणि ती लाल व्हायच्या खूप आधी थांबायचं. तार जास्त तापली तर थर्माकोल तिच्या जवळ यायच्या आधीच वितळतो आणि नक्षीची कड खाल्ली जाते. कमी तापली तर तारेचं पोट मागे रेंगाळतं आणि काप वाकडा निघतो. हात क्षणभर थांबला की तिथं खळगा. बाबा म्हणायचे, ‘तारेला ढकलू नको, तिच्यामागून चाल.’ पुढे विमानांचे पंख कापताना हे सगळं शिक्षण उपयोगी पडलं. तेव्हा आम्हाला आपलं जेवायला कधी सोडतात याचीच चिंता.

2018 साली बोडगेश्वराच्या जत्रेतून पुतण्यासाठी एक फोमचं विमान आणलं. हातानं फेकायचं, मोटरबिटर काही नाही, पंख अर्ध्या मीटरपेक्षा थोडे कमी. गच्चीवरून फेकलं तर नाक वर करून हवेत थबकलं आणि शेपटीवर आपटलं. दुसऱ्यांदा तेच. पुतण्याचा चेहरा बघवेना. शेपूट जड आहे हे उघड दिसत होतं, म्हणून नाकाला चीर देऊन रुपयाचं नाणं खोचलं आणि वरून चिकटपट्टी मारली. तिसऱ्या फेकीला विमान सरळ निघालं, समोरच्या दोन घरांच्या कौलांवरून गेलं आणि माडात अडकलं. नाणं अजून तिथंच असावं. त्या रात्री मी आणि भाऊ एकपर्यंत त्यावरच बोलत बसलो होतो.

मग रिमोटचं एक स्वस्त विमान आणलं. दोन मोटरींचं. शेपटीला हलणारं काही नाहीच. वर जायचं तर दोन्ही मोटरी जोरात, वळायचं तर एक हळू. वारा नसेल तर झकास उडतं. पण थोडा वारा सुटला की बिचारं समोर तोंड करून मागे मागे जायला लागतं. आमचं पहिलं असंच गेलं, मागच्या पावलांनी, पलीकडच्या वाड्यावर. भाऊ आयटीआय झालेला, सोल्डरिंग त्याच्या हातात. त्यानं नंतर आणलेल्या दुसऱ्या विमानाच्या मोटरी काढल्या, मी पंख बदलला, आणि दुकानाच्या काउंटरवर ते टांगून ठेवलं. विकायला म्हणून नव्हे, जागा नव्हती म्हणून.

तिथून लोक यायला लागले ते मोडलेली विमानं घेऊन. दीड-दोन हजारांचं खेळणं, तिसऱ्या दिवशी नाक चेपलेलं, आणि ज्यानं विकलं तो म्हणतो ‘याचे पार्ट येत नाहीत, नवीन घ्या’. आम्ही दुरुस्तीचे शंभर-दीडशे घ्यायचो. ईपीओ नावाच्या फोमचं चेपलेलं नाक उकळत्या पाण्यात धरलं की आतले दाणे फुगतात आणि नाक बऱ्यापैकी पूर्वपदावर येतं. हे आम्ही गिऱ्हाइकासमोर, चहाच्या टोपात करायचो. अर्धी जाहिरात त्या टोपानं केली. (टोप वेगळा ठेवलाय, काळजी नसावी.)

2022 मध्ये दोन सरकारी आदेश आले आणि आमचं दुकान जे आहे ते झालं. 9 फेब्रुवारीला तयार ड्रोन आणि जोडायच्या किटच्या आयातीवर बंदी आली. सुटे भाग मात्र आणता येत होते. आमचा माल मुळात थोडा, पण त्या गडबडीत मागवलेल्या फोमच्या विमानांचं एक खोकं कुठंतरी अडकलं ते अडकलंच. आणि 1 जुलैपासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आली, त्या यादीत सजावटीचा थर्माकोलही होता. म्हणजे विमानं बाहेरून येणार नाहीत आणि मखरं करता येणार नाहीत. बाबा तेव्हा होते. ते म्हणाले, ‘तार आहे ना? मग विमानाचं अंगच कापा.’ थर्माकोलबंदीबद्दल माझी तक्रार नाही. चवथीनंतर ओहोळात तरंगणारी ती पांढरी कमान माझ्याच हातची असायची, ती बघून मान खाली जायची.

तेव्हापासून आम्ही ईपीपी नावाच्या फोमच्या शीट आणून पंख आणि धड स्वतः कापतो. फोमची जात नीट ओळखा, एवढं मी प्रत्येक नवख्याला सांगतो. थर्माकोल मोडला की दाणे सुटतात. ईपीओ त्याहून चिवट, गुळगुळीत, दिसायला देखणा, पण जोरात आपटला की चिरतो. ईपीपी दिसायला गबाळा, वजनानं थोडा जास्त, पण दुमडून परत सरळ होतो. शिकणाऱ्यानं गबाळं विमान घ्यावं. आणि गोंद! फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद थर्माकोलला अक्षरशः खातो, भोक पडून पलीकडचं दिसतं. ईपीपीवर तोच चालतो. दर महिन्याला कोणीतरी पोरगा भोक पडलेला पंख घेऊन येतो आणि मी काही विचारत नाही.

सगळ्यात जास्त खपतं ते आमचं बदललेलं जत्रेचं विमान. तेच हातानं फेकायचं, पण मोठं, जवळजवळ मीटरभर पंखांचं. त्यात आम्ही काय करतो ते सांगतो, कारण यात गुपित काही नाही आणि ज्याला घरी करायचं त्यानं खुशाल करावं. पंख लांब आणि लवचिक असतात, जोरात वळताना टाळी वाजवल्यासारखे वर येतात. म्हणून खालच्या बाजूला पंखभर चीर देऊन कार्बनची काडी बसवायची. शेपटीची मागची पट्टी कापून सुटी करायची, तिची कड पंचेचाळीस अंशांत तासायची आणि चिकटपट्टीच्याच बिजागरीवर परत लावायची. तासली नाही तर पट्टी एका बाजूलाच हलते. हॉर्न म्हणजे ज्याला दोरा-तार जोडायची तो छोटा कान, तो मुदत संपलेल्या एटीएम कार्डाचा उत्तम होतो. आमच्या घरातली, शेजारची, सासुरवाडीची सगळी जुनी कार्डं उडून झाली. तारेला सायकलचा स्पोक. शेपटीत दोन, 9 ग्रॅमचे सर्व्हो (रिमोटच्या हुकमानं पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), नाकात छोटी ब्रशलेस मोटर, पोटात दोन सेलची बॅटरी. मोटर सरळ बसवायची नाही. किंचित उजवीकडे आणि किंचित खाली झुकवायची, नाहीतर जोर दिला की विमान डावीकडे ओढतं आणि नाक वर करतं.

शेवटी तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा मागे दोन बोटं ठेवायची आणि विमान उचलायचं. नाक थोडं खाली गेलं तर ठीक. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा, नाही सरकत तर नाणं. नाक जड असलेलं विमान आळशी उडतं, पण उडतं. शेपूट जड असलेलं शिकणाऱ्याच्या हातात पहिल्याच फेरीत जमिनीवर येतं. स्थिर ठेवणारा जायरो लावा म्हणून पुष्कळ जण मागे लागतात. आम्ही पहिल्या विमानाला लावत नाही. वाऱ्यात तो मदत करतो हे खरं, पण चुकीचा तोलही तो झाकून ठेवतो आणि मग पोराला विमानाचं दुखणं कधी कळतच नाही. यावर भावाचं आणि माझं एकमत नाही. तो गुपचूप लावून देतो हे मला माहीत आहे.

आमची सर्वांत मोठी फजिती सांगायलाच हवी. एका गृहस्थांनी मुलाच्या वाढदिवसासाठी चार चॅनेलचं, म्हणजे पंखाच्या पट्ट्याही रिमोटनं हलणारं विमान बांधून घेतलं. आदल्या रात्री मी घाईत पंखाच्या सर्व्होची दिशा उलटी ठेवली. शेपटी तपासली, मोटर तपासली, पंखाकडे नुसतं पाहिलं. हललं, म्हणजे झालं. सकाळी सगळं कुटुंब शेतात, केक गाडीत. विमान उठलं, डावीकडे कललं, मी रिमोटची काडी उजवीकडे दिली, ते आणखी डावीकडे. मी आणखी उजवीकडे दिली. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या चिखलात नाकापासून पंखापर्यंत. पोरगा म्हणाला, ‘काका, परत करा ना!’ त्याला वाटलं, तो खेळ होता. पैसे परत केले, दुसरं विमान दिलं, आणि तेव्हापासून दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक विमानामागे उभं राहून, काडी उजवीकडे केली की उजव्या पंखाची पट्टी वर गेली का, हे मोठ्यानं म्हणून बघतो. बायको म्हणते, मंत्र पुटपुटल्यासारखं वाटतं.

शिकवणी आम्ही वेगळी घेत नाही, विमानाबरोबर तीन सकाळी फुकट. भाताची कापणी झाली की शेतं मोकळी होतात, आणि जिथं वायंगणाचं (भाताचं दुसरं) पीक घेत नाहीत तिथं मे अखेरपर्यंत उडवता येतं. साडेसहाला पोचायचं. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजतो तेव्हा हवा निश्चल असते. उन्हं चढली की समुद्रावरचं वारं सुटतं आणि मग नवख्यानं बॅटरी काढून चहा प्यावा. विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि इथंच सगळे गडबडतात. त्यावर एकच सांगतो : जो पंख खाली गेला, त्याच्याकडे काडी ढकल. बाकी विचार करायचा नाही. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर शिकवत नाही. तिथं जागा खूप, पण जांभा दगड फोमचं पोट खिसणीसारखं खिसतो.

पूर्वी पेडण्याकडच्या एका सड्यावर आम्ही मोठी विमानं उडवायचो. आता मोपाला विमानतळ झाला, जानेवारी 2023 पासून तिथून खरी विमानं उडतात, आणि आमची खोटी तिकडे न्यायचा प्रश्नच उरला नाही. दाबोळीच्या बाजूला तर नौदलाचा तळ. 2021 चे ड्रोन नियम फोमच्या विमानालाही लागू होतात, हे निम्म्या गिऱ्हाइकांना ठाऊक नसतं. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच मोकळीक, त्यापलीकडे हिरव्या क्षेत्रात, म्हणजे जिथं आधी परवानगी लागत नाही तिथं, 400 फूट. म्हणून जागा निवडण्याआधी सरकारी हवाई नकाशा आम्ही फोनवर उघडून दाखवतो. 250 ग्रॅमपर्यंतच्या विमानाला, आणि नुसत्या छंदासाठी उडवायच्या 2 किलोपर्यंतच्या विमानाला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. आमचं जत्रेचं विमान या हिशेबात आरामात बसतं.

बॅटरीबद्दल थोडक्यात : लायपो (विमानातली लिथियम पॉलिमर बॅटरी) मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. माझी एक पर्वरीला तासाभरात पुरीसारखी फुगली. चार्जिंग मातीच्या मडक्यात, माणूस समोर बसलेला. ठेवून द्यायची तर सेलमागे 3.8 व्होल्टवर, पूर्ण भरून नाही.

पैशांचं विचाराल तर सुट्या भागांत काही सुटत नाही. मोटर आणि सर्व्हो ऑनलाइन आमच्यापेक्षा स्वस्त मिळतात आणि आम्ही ते लपवत नाही. सुटतं ते कापलेल्या अंगात आणि दुरुस्तीत. पावसाळ्यात दुकान चालतं ते हिवाळ्यात मोडलेल्यांवर. बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय बघून आलेलं प्रत्येक पोर सी हॅरियर मागतं, आणि मी त्याला नाही म्हणतो. आखूड पंखांचं जेट म्हणजे पहिल्याच फेकीला रडारड. 2016 साली इथूनच ती विमानं निवृत्त झाली तेव्हा आकाश शांत वाटलं होतं, हे मी त्यांना सांगतो आणि लांब पंखांचं गबाळं विमान हातात देतो. काही नाक मुरडून जातात. त्यातले काही परत येतात, दुसरीकडून घेतलेलं जेट पिशवीत घेऊन, तुकड्यांत.

आता आमच्याकडे भाऊ, मी, हिशेबाला बायको आणि सुट्टीत दोन कॉलेजची मुलं. सहावा माणूस म्हणजे पाडेली मामा. नारळ पाडायला ते माडाला जितके घेतात त्याच्या दुप्पट विमान काढायचे घेतात. ‘नारळ खाली टाकला तर चालतो, हे सांभाळून आणावं लागतं,’ म्हणतात. परवा म्हणाले, यंदा दर वाढणार, आणि एका माडात दोन विमानं असली तरी दोन धरणार.