भुकेले गवत

रविवार, रात्री

आयर्लंडमधील शाळकरी मुलांनी १९३७ ते १९३९ या काळात लिहिलेल्या लोककथांच्या वह्या सध्या मी संगणकावर वाचते आहे. तेथील लोककथा आयोगाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांना घरच्या आणि शेजारच्या वृद्धांकडून गोष्टी, समजुती व घरगुती औषधे उतरवून आणण्यास सांगितले होते. त्यांत भुते आणि रानातल्या वनस्पती यांची वस्ती एकाच शिवारात आहे.

मे महिन्यात नेटल या अंगाला झोंबणाऱ्या रानवनस्पतीची कोवळी पाने तीन वेळा शिजवून खाल्ली की रक्त शुद्ध होते, असे त्यांत आढळते. फॉक्सग्लव्हची गोष्ट मात्र वाचवत नाही. परीलोकाने घरचे खरे मूल पळवून त्याच्या जागी दुसरेच ठेवले, अशा समजुतीने आजारी बाळांना या वनस्पतीचा रस पाजला जाई, आणि तो हृदयावर परिणाम करणारा जहाल रस आहे. अशा कथांना केवळ रम्य म्हणणे मला मान्य नाही.

आज मन अडकून राहिले ते ‘फेअर गोर्तख’ या भुकेल्या गवतापाशी. हा गवताचा तुकडा इतर गवतासारखाच दिसतो, पण त्यावर पाऊल पडताच माणसाला विलक्षण भूक लागते, हातापायांतले बळ जाते, आणि जवळची ओटच्या भाकरीची चतकोर तत्काळ तोंडात टाकली नाही तर तो तिथेच कोसळतो, अशी श्रद्धा होती. म्हणून डोंगर ओलांडताना लोक खिशात भाकरी ठेवत. कोणी म्हणत, रानात जेवून परीलोकासाठी चार कण न टाकल्यामुळे ते उगवते. कोणी म्हणत, जिथे माणूस उपासमारीने मेला तिथे.

हे दुसरे कारण मला अधिक खरे वाटते. बटाट्यावर करपा पडल्यानंतर, १८४५ ते १८५२ या वर्षांत, त्या बेटावर सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगाने मेली. त्यांतल्या कितीतरी जणांना शवपेटीही मिळाली नाही. त्या दिवसांत लोक नेटल आणि रानमोहरी उकडून खात होते, म्हणजे एरवी औषध म्हणून जे खुडायचे तेच अन्न झाले होते. वह्या भरणाऱ्या मुलांना हे सांगणाऱ्या काही वृद्धांच्या आईवडिलांनी तो दुष्काळ भोगला होता. अशा घरांत, वाटेवर मेलेला माणूस पांढऱ्या वस्त्रातले भूत होऊन न येता येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटात भूक होऊन उठतो, ही कल्पना मला अत्यंत स्वाभाविक वाटते.

उद्या पश्चिमेकडील क्लेअर परगण्यातल्या वह्या काढायच्या आहेत.