बासेलची होडी आणि गाम्बसाइमची खिडकी

ताई स्वित्झर्लंडमधल्या बासेलला राहते म्हणून सुट्टीत तिच्याकडे गेले आणि पहिल्याच संध्याकाळी तिने मला होडीत बसवलं. बासेलमध्ये ऱ्हाईन नदीवर अशा चार होड्या आहेत, एकीलाही इंजिन नाही. नदीवर आडवी तार बांधलीय, होडी दोराने तिला अडकवलेली, नावाडी फक्त एक दांडा इकडचा तिकडे फिरवतो आणि प्रवाहच होडीला पलीकडे नेऊन सोडतो. आवाज म्हणाल तर फळीला पाणी लागतं तेवढाच. पाणी हिरवं, काठाजवळ तळातले गोटे दिसतील इतकं नितळ, आणि पलीकडच्या काठाने माणसं चक्क वाहत चाललेली, कपडे माशाच्या आकाराच्या वॉटरप्रूफ पिशवीत भरून ती छातीशी धरायची आणि ऑफिस सुटल्यावर नदीत उतरायचं!

ताईच्या शेजारच्या आजी सोबत होत्या, त्या काही उतरत नाहीत पाण्यात. का ते त्यांनी होडीतच सांगितलं, ताई मला मराठीत सांगत गेली. 1 नोव्हेंबर 1986, शनिवार, मध्यरात्र उलटून गेलेली. शहराबाहेर श्वाइत्सरहाले इथे सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, आत साधारण 1,350 टन रसायनं, त्यात शेतीची विषारी औषधं. पहाटे सायरन वाजले, खिडक्या बंद करा, घराबाहेर पडू नका, आणि सगळीकडे सडक्या अंड्यांसारखा वास. सकाळी आजी पुलावर गेल्या तर नदी लाल. आग विझवायला मारलेलं पाणी विष आणि रंग घेऊन सरळ नदीत गेलं होतं. पुढे शेकडो किलोमीटरपर्यंत ईल, म्हणजे सापासारखे लांबट मासे मेले, अंदाजे 1,50,000. आजी हे सांगताना होडीची कड घट्ट धरून बसल्या होत्या, ते माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

आता बघा, आग लागली स्वित्झर्लंडमध्ये, मासे मेले फ्रान्स-जर्मनीच्या हद्दीत, आणि नळाचं पाणी बंद करायची धावपळ थेट नेदरलँड्सपर्यंत. नदीला काय कुठला देश. या देशांचं ऱ्हाईनसाठीचं संयुक्त आयोग तेव्हा होतं बरं का, 1950 पासून होतं, पण बराच काळ बैठका जास्त आणि काम कमी. आगीनंतर मात्र मंत्री एकामागून एक बैठकांना बसले आणि 1987 मध्ये एक कृती कार्यक्रम ठरला, त्यातलं एक लक्ष्य मला फार आवडलं, 2000 सालापर्यंत सॅमन मासा ऱ्हाईनमध्ये परत आला पाहिजे. सॅमन समुद्रातून येतो, म्हणजे नेदरलँड्समधून आत शिरतो आणि अंडी घालायला वरच्या झऱ्यांपर्यंत चढतो, वाटेत एकाही देशाने पाणी घाण ठेवलं किंवा धरणाची वाट बंद ठेवली की त्याचा प्रवास तिथेच संपला. एकट्या देशाला हे जमणारच नाही, म्हणूनच मला वाटतं मासा निवडला हे फार शहाणपणाचं केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तीन देशांच्या सीमेवर गेलो. फ्रान्समधलं हुनिंग आणि जर्मनीतलं वाईल यांच्यामध्ये एक लांबलचक पादचारी पूल आहे, 2007 चा. मधोमध उभं राहिलं की एका हाताला फ्रान्स, दुसऱ्या हाताला जर्मनी, समोर वरच्या अंगाला स्वित्झर्लंड, आणि खाली तेच ते पाणी. वाईलमध्ये 1993 पासून नदीचं पाणी तपासायचं एक केंद्र आहे, स्वित्झर्लंड आणि जर्मनीचं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मिळून चालवतात. नदीच्या रुंदीत पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून पाणी ओढून घेतात, कारण या काठाची घाण त्या काठाला लगेच मिसळत नाही. काही वेगळं सापडलं की खालच्या देशांना सूचना. मी हे वाचलं तेव्हा एवढं काय विशेष असं वाटलं होतं, पण पुलावर उभं राहून पटलं, की वरच्याने स्वतःहून खालच्याला सांगणं ही किती मोठी गोष्ट आहे, आणि मोजमापच दोघांचं एक असलं की आकड्यावरून भांडण होत नाही.

भांडणं झाली नाहीत असं नाही हं. फ्रान्समधल्या आल्सासच्या पोटॅश खाणी (पोटॅश म्हणजे खतासाठीचा क्षार) कित्येक वर्षं मीठ नदीत सोडत होत्या आणि खाली डच नर्सरीवाल्यांची रोपं खराब होत होती. एक नर्सरीवाला कोर्टात गेला, 1976 मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की जिथे नुकसान झालं तिथेही दावा लावता येतो. त्याच वर्षी हे मीठ कमी करायचा करार झाला आणि त्या खर्चाची वाटणी अशी, नेदरलँड्स 34 टक्के, फ्रान्स 30, जर्मनी 30, स्वित्झर्लंड 6. म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्यानेच सगळ्यात जास्त पैसे भरायचे! मला हे ऐकून राग आला, ताई म्हणाली, "अगं, पण त्याशिवाय कोणी टेबलावर बसलंच नसतं." तरीही करार लागू व्हायला 1985 उजाडलं.

शेवटच्या दिवशी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गहून सायकलने ऱ्हाईनकाठच्या गाम्बसाइमला गेलो, साधारण 20 किलोमीटर, नदीकाठचा सपाट रस्ता. तिथे धरणाला 2006 मध्ये माशांसाठी जिना बांधलाय. पाण्याच्या पायऱ्या, एकेक कुंड आधीच्यापेक्षा जरा उंच, मासा पोहत, विसावा घेत वर चढतो. खाली उतरून गेलं की काचेच्या खिडक्या आहेत. आम्ही बसलो. हिरवट पाणी, बुडबुडे, एक पान फिरत राहिलेलं. पंधरा मिनिटं काही नाही. मागे एक छोटी मुलगी सारखी आईला विचारत होती.

खरं सांगायचं तर या सगळ्यात एक गोष्ट सलते. 2020 पर्यंत सॅमनसाठी बासेलपर्यंतची वाट मोकळी करायचं या देशांचं 2013 मध्ये ठरलं होतं आणि ते झालं नाही. स्ट्रासबुर्गच्या धरणाचा जिना झाला, त्याच्या वरच्या गेर्स्टहाइमचा झाला, पण वर आणखी धरणं आहेतच. 2008 मध्ये बासेलला गळाला एक सॅमन लागला तेव्हा केवढा आनंद झाला होता, आजी सांगत होत्या. एवढ्या वर्षांच्या कामानंतर शेवटच्या काही भिंतींपाशी उशीर होणं मला नाही पटत.

तेवढ्यात काचेजवळ काहीतरी हललं. सॅमन नव्हता, मिशा असलेला लांबट बार्बेल होता, हातभर तरी असेल. प्रवाहाकडे तोंड करून शेपटी हलवत एकाच जागी थांबला, कल्ले उघडझाप करताना स्पष्ट दिसत होते. मुलगी काचेला नाक लावून गप्प झाली. मग त्याने एक झटका दिला आणि वरच्या कुंडात गेला.