'आव्वार': फ्रेंचमध्ये 'मले भूक लागली' कसं म्हणायचं

फ्रेंच शिकायला घेतली की पहिल्याच धड्यात 'आव्वार' हे क्रियापद भेटतं. पुस्तकात अर्थ असतो 'जवळ असणे', आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडं बैलजोडी माझ्याकडे असते, भाऊ मला असतात, भूक तर लागते. फ्रेंचमध्ये या तिन्हींना आव्वारच.

आधी रूपं तोंडात बसवा: झे, त्यु आ, इल आ, नूजाव्हों, वूजाव्हे, इल्जों. 'झे'मधला झ झाडातला नव्हे. 'श' म्हणता म्हणता घशातून आवाज काढायचा, जीभ टाळूला टेकू द्यायची नाही. 'नूजाव्हों'तला ज तसाच, पण 'स'वरून काढायचा. यात आळस केला तर 'इल्जों'चं (त्यांच्याकडे आहे) 'इल्सों' (ते आहेत) होतं. ऐकणाऱ्याचा गोंधळ होणारच.

'मले भूक लागली' म्हणजे 'झे फॅं', तहान लागली तर 'झे स्वाफ'. वयही आव्वारनंच: वीस वर्षांचा असाल तर 'झे व्हॅंताँ'. आपल्यासारखं नुसतं 'वीसचा' म्हणून चालत नाही, 'आँ' म्हणजे वर्षं बोलावंच लागतं. इंग्रजीवरून उतरवणारे इथं 'झ स्वी' (मी आहे) लावतात, ते साफ चूक. मे महिन्यात 'गरम होऊन राहिलं' म्हणायचं तर स्वतःला होतंय म्हणून 'झे शो'. 'झ स्वी शो'चा भलताच, चावट अर्थ निघू शकतो, अनोळखी माणसापुढं तर नकोच. हवा गरम असेल तर आव्वार येतच नाही, तिथं 'इल फे शो'.

नकारात आणखी एक खोच आहे. 'झे देजोराँझ' ('दे' अधिक 'ओराँझ'), माझ्याकडे संत्री आहेत. नसली तर 'झ ने पा दोराँझ': 'दे'चा 'द' झाला आणि तोही संत्र्याला चिकटला. बोलताना लोक 'झे पा दोराँझ' म्हणतात, पेपरात मात्र पूर्ण लिहा.

भूतकाळातही हेच क्रियापद मदतीला येतं: 'झे माँझे', मी जेवलो. जाणं-येणं मात्र वेगळ्या वाटेनं, 'झ स्वी आले', मी गेलो. 'मी संत्री घेतली'मध्ये क्रियापद संत्र्यांप्रमाणे चालतं, हे आपल्या अंगवळणीच आहे. फ्रेंचमध्ये आव्वारसोबत हे कर्म आधी आलं तरच होतं. 'मी घेतलेली संत्री' अशी रचना असेल तर शेवटी स्त्रीलिंगी अनेकवचनाची दोन अक्षरं जोडायची. ती बहुतेकदा ऐकू येत नाहीत, म्हणून लिहिताना हमखास राहून जातात.