किकापूच्या खोऱ्यात: होडी, मुक्काम आणि अर्धवट राहिलेलं धरण

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्येला व्हर्नन काउंटी, म्हणजे जिल्हा, आहे. मॅडिसनहून गाडीने दोनेक तास लागतात. शिकागो-मॅडिसनकडची आपली मंडळी उन्हाळ्यात विस्कॉन्सिन डेल्स या गावातल्या वॉटरपार्कांकडे वळतात, इकडे फारशी येत नाहीत. म्हणून ही सहल कशी जमवली ते सविस्तर लिहिते आहे. इथे आयतं पॅकेज मिळत नाही, सगळं आपलं आपण जुळवावं लागतं. शिवाय इथून वाहणाऱ्या किकापू नदीचा इतिहास ठाऊक नसेल, तर डोळ्यांसमोर असूनही निम्मं दिसत नाही.

हिमयुगात आजूबाजूचा सगळा प्रदेश बर्फाच्या थराखाली गेला, पण हा टापू सुटला. त्यामुळे विस्कॉन्सिनमध्ये इतरत्र दिसतात तशी सपाट रानं आणि तळी इथे नाहीत. उंच टेकड्या, अरुंद घळी आणि त्यांतून वाट काढणारी नदी. किकापूची लांबी सुमारे 200 किलोमीटर, पण उगमापासून संगमापर्यंतचं सरळ अंतर त्याच्या निम्म्याहूनही कमी. यावरून वळणांची कल्पना यावी.

तयारीत सगळ्यात आधी पाणी बघायचं. ऑन्टारिओ आणि ला फार्ज या दोन गावांपाशी यूएसजीएस या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची, पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं आहेत आणि त्यांचे आकडे इंटरनेटवर दिसतात. खोरं अरुंद असल्यामुळे डोंगरात जोराचा पाऊस झाला की नदी झपाट्याने चढते. 2018 च्या ऑगस्टमधल्या पुराने या भागाची दैना केली. कून क्रीक आणि पश्चिम किकापू या दोन पाणलोटांत मिळून पाच छोटे बांध फुटले होते. म्हणून आदल्या दिवशी आकडे बघून झाले तरी निघायच्या दिवशी सकाळी होडीवाल्याला फोन केलाच पाहिजे. आम्हाला त्याने सांगितलं, "पाणी आज छान आहे. पण खाली एका वळणावर झाड आडवं पडलंय, आतल्या अंगाने काढा." ही माहिती कुठल्याही यंत्रावर मिळत नाही.

होडी भाड्याने घ्यायची तर एका कागदावर सही करावी लागते, माणशी एक लाइफ जॅकेट मिळतं. आपली गाडी उतरायच्या ठिकाणी लावायची आणि होडीवाल्याच्या गाडीतून वर ऑन्टारिओला जायचं. ऑन्टारिओच्या खाली नदीवर पुलामागून पूल आहेत आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. "कुठल्या पुलापर्यंत जाणार?" एवढ्या एका प्रश्नावर दिवस ठरतो. ज्यांना होडीत बसायचं नाही त्यांनाही हे पूल सोयीचे पडतात. माझी आई सत्तरी ओलांडलेली, साताऱ्याहून आमच्याकडे आली होती. ती आणि माझा नवरा गाडीने पुढच्या पुलावर जाऊन थांबायचे. मी आणि मुलगा खालून गेलो की आई वरून ओरडायची, "अरे, वल्हं नीट धर!"

मुलगा पुढे बसून वल्हवत होता, मी मागे बसून दिशा देत होते. नदी उथळ, बहुतेक ठिकाणी कंबरेएवढीही नाही. पण वळणावर पाणी होडीला बाहेरच्या काठाकडे ओढतं आणि पडलेली झाडं नेमकी तिथेच अडकलेली असतात. म्हणून वळण यायच्या आधीच आतल्या बाजूला सरकायचं. दोन-तीन वळणांनंतर हाताला सवय होते.

मग कडे सुरू होतात. पिवळट वालुकाश्म, पाण्याने तळाशी पोखरलेला. त्याच्या भेगांतून थेंब गळत असतात, थेंबांच्या वाटेवर शेवाळ आणि नेचे, आणि वर हेमलॉक या सूचिपर्णी झाडांची मुळं दगडाला कवटाळून बसलेली. भर जुलैत कड्याजवळ होडी नेली की अंगावर गार हवा येते. याच गारव्यात नॉर्दर्न मंक्सहूड नावाचं निळं-जांभळं फूल उगवतं. ते आपल्या बचनागाच्या कुळातलं. जगात फार थोड्या ठिकाणी शिल्लक असल्यामुळे त्याला कायद्याने संरक्षण आहे. ते तोडायचं नाही, कड्यावर चढायचं नाही.

मुक्काम आम्ही किकापू व्हॅली रिझर्व्ह या राखीव क्षेत्रात केला. तंबूच्या जागा साध्या: वीज नाही, चूल पेटवायला लोखंडी कडं आणि थोड्या अंतरावर खड्ड्याचा संडास. काही जागांवर तर होडीनेच पोचता येतं. जळाऊ लाकूड घरून आणायचं नाही, तिथलंच विकत घ्यायचं. लांबून आणलेल्या लाकडातून ॲशची झाडं मारणारी कीड पसरते. शनिवारी जागा मिळावी म्हणून लवकर पोचलेलं बरं.

हे रिझर्व्ह कसं झालं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुराला कंटाळलेल्या लोकांच्या मागणीवरून 1962 मध्ये अमेरिकी काँग्रेसने ला फार्जजवळ धरण मंजूर केलं. सरकारने जमीन घेतली, सुमारे 140 शेतकरी कुटुंबं उठली. 1971 मध्ये काम सुरू झालं. पुढे खर्च वाढत गेला, तलावाचं पाणी घाण होईल असा अभ्यासाचा निष्कर्ष आला, त्या दुर्मीळ फुलाचा प्रश्न निघाला, आणि 1975 मध्ये काम थांबलं ते कायमचं. शेवटी 1996 च्या कायद्याने ही सुमारे 8,600 एकर जमीन राज्याकडे आणि हो-चंक या मूळ रहिवाशांकडे द्यायचं ठरलं. त्यातली 1,200 एकर हो-चंकांसाठी. त्यांच्या पूर्वजांच्या खुणा या खोऱ्यात जागोजागी आहेत आणि आजही या जमिनीच्या कारभारात त्यांचा वाटा आहे.

ला फार्जच्या वर जुन्या रस्त्याने चालत गेलं की धरण दिसतं. गवताने झाकलेला मातीचा लांब बांध, मध्ये खिंडार, त्यातून नदी सरळ निघून जाते. बाजूला काँक्रीटचा शंभर फुटी मनोरा, पाणी सोडण्यासाठी बांधलेला. त्याला पाणी कधी लागलंच नाही.

आईचं माहेर पाटण तालुक्यातलं. कोयनेचं धरण झालं आणि ते गाव शिवसागरात गेलं. घरच्यांना सोलापूर जिल्ह्यात जमीन मिळाली. तिथली काळी माती आणि कडक ऊन त्यांच्या अंगवळणी पडायला वर्षं गेली. बांधाकडे बघत ती बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, "पाणी अडवलंच नाही, तर माणसांना त्यांच्या जमिनी परत का नाही दिल्या?" मी तोच प्रश्न रिझर्व्हच्या केंद्रात विचारला. तिथल्या बाईंनी टाळाटाळ केली नाही. जमीन मूळ मालकांना मिळाली नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि जुन्या घरांची ठिकाणं कुठे दिसतील ते नकाशावर खूण करून दिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही एका ठिकाणी गेलो. जोत्याचे दगड आणि कुणीतरी दारात लावलेलं लायलॅकचं झुडूप. आई जोत्यावर चढली नाही, चपला काढून बाजूला उभी राहिली.

होडीत बसायला येणाऱ्या प्रत्येकाने आधी तासभर त्या केंद्रात घालवावा, असं मला मनापासून वाटतं. ज्या नदीवर आपण मजा करतो, तिच्या काठची माणसं उठवली गेली आणि शेवटी धरणही झालं नाही. हे कळल्यावर तो मनोरा निव्वळ फोटोची जागा उरत नाही.

बाकी काउंटीसाठी वेगळा दिवस ठेवा. हिल्सबरोजवळच्या शायेन व्हॅलीत एकोणिसाव्या शतकात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची मोठी वस्ती होती. तिथल्याच ॲल्गा शिव्हर्स या कारागिराने बांधलेले गोल गोठे या भागात आजही उभे आहेत. ते खाजगी जमिनीवर असल्यामुळे रस्त्यावरूनच बघायचे. पश्चिमेकडे कून व्हॅलीत 1933 मध्ये मृदसंधारणाचा देशातला पहिला मोठा पाणलोट प्रकल्प सुरू झाला. उताराला आडवे, वळत गेलेले पिकांचे पट्टे आजही दिसतात, त्यासाठी वेगळी वाट वाकडी करायला नको. कॅशटनच्या बाजूला आमिश या जुन्या वळणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या शेतकऱ्यांची घरं आहेत. त्यांच्या घोडागाड्यांमागे वेग कमी ठेवा, आणि कृपा करून त्यांचे फोटो काढू नका. त्यांचे पाव आणि लोणची-मुरंबे रविवारी विकायला नसतात, तेव्हा शनिवार रस्त्यावर आणि रविवार नदीवर, असा बेत ठेवलेला बरा. आम्ही ऑक्टोबरात पुन्हा जाणार आहोत. खाली गेज मिल्सच्या टेकडीवर सफरचंदाच्या बागा आहेत, तेव्हा तोडणी चालू असते. आईचं तिकीट तोपर्यंत पुढे ढकलून घेतलं आहे.