टॉवेलच्या कारखान्यात खिशात ठेवायचा चाकू कुठला घेतला आणि का

आमचा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, अप्पांनी चालू केलेला, लहानच आहे पण दिवसभर चालतो, आणि कारखान्यात खिशात चाकू लागतोच. सकाळी सुताची बॅग फोडा, कोनवरचं प्लास्टिक काढा, रोलरला सूत गुंडाळलं की ते कापून काढा, दुपारी पॅकिंगच्या पट्ट्या, संध्याकाळी खोक्याची टेप, आणि मधेच कुणीतरी पेरू घेऊन येतं, तो पण आपणच कापायचा. अप्पांच्या खिशात कायम लाकडी मुठीचा फोल्डिंगचा चाकू असायचा, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतून घेतलेला, सहाणेवर घासून घासून पातं निम्मं झालेलं. मला चाकूचं वेड तिथूनच लागलं.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे गेल्या वर्षभरात तीन-चार मित्रांनी विचारलं की इतका महागाचा चाकू घेतलास तर नक्की कुठला आणि कसा ठरवलास. तोंडी सांगताना दरवेळी काहीतरी राहतं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिल्यांदा फसलो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन व्हिडिओ बघून बेअरिंगवाला फ्लिपर मागवला, कंपनीचं नाव घेत नाही. पात्याच्या बुडाला जो कोंब असतो त्याला बोटानं दाब दिला की पातं फटकन बाहेर, इतकं गुळगुळीत की दिवसभर उघडबंद करत बसावंसं वाटायचं. दीड महिन्यात पातं निम्म्यात अडकायला लागलं. आमच्याकडं हवेत रुईचं तूस कायम उडत असतं, भिंतीवर, पंख्यावर, भुवयांवर सुद्धा बसतं, तर खिशातल्या चाकूला कोण सोडतंय. खोलायला गेलो तर पातं ज्या पिनवर फिरतं तिच्या स्क्रूला कंपनीनं चिकटद्रव लावलेला, तो सुटेना, जोर लावल्यावर स्क्रूचं डोकंच झिजलं. शेवटी आमच्या जॉबरमामांनी, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मामांनी, ड्रिल लावून काढला. आत बघतो तर छोट्या छोट्या गोळ्यांच्या भोवती तूस आणि तेल मिळून घट्ट नमदा झालेला, करड्या रंगाचा, नखानं ओढला तर अख्खी गोल रिंगच निघून आली. ती रिंग मी अजून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय.

त्या दिवसापासून माझं निवडायचं गणित बदललं. तोपर्यंत मी पण सगळ्यांसारखा स्टीलचे तक्ते वाचायचो, कुठल्याला किती हार्डनेस, कोण किती दोर कापतं. आता पहिला प्रश्न असा की हा चाकू मला घरी, सोलापुरात, माझ्या हातानं पूर्ण खोलून साफ करता येतो का. दुसरा, उन्हाळ्यात पातळ सुती पँटच्या खिशात तो जड वाटतो का. स्टील तिसऱ्या नंबरला.

मागच्या दिवाळीत आत्येभाऊ अमेरिकेतून आला, त्याला पण हाच नाद. तीन चाकू घेऊन आला, चेक-इन बॅगेत अर्थात, केबिनमध्ये चाकू चालतच नाही. बेंचमेडचा बगआउट, स्पायडरकोचा पॅरामिलिटरी टू, आणि क्रिस रीवचा स्मॉल सेबेन्झा ३१. म्हणाला, "दादा, मी महिनाभर आहे, तिन्ही कारखान्यात वापर, नंतर ठरव." असा भाऊ सगळ्यांना मिळो.

पॅरामिलिटरी टू आधी सांगतो कारण कापायला तिघांत तोच भारी. पातं साडेतीन इंचाला जरा कमी, दोन्ही बाजूंनी सपाट उतरत धारेपर्यंत गेलेलं, आणि पात्याच्या बुडाशी बोट ठेवायला खाच आहे, त्यामुळं बोट पुढं सरकवून बारीक काम करता येतं. पॅकिंगची प्लास्टिक पट्टी त्यानं अशी तुटायची की आवाज पण नाही. त्याचं लॉक मुठीच्या पाठीकडं असतं, कॉम्प्रेशन लॉक म्हणतात, बंद करताना बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत, हे मला फार आवडलं. पात्यातलं ते गोल भोक स्पायडरकोची ओळखच आहे, १९८१ साली त्यांनी वर्कर नावाचा पहिला चाकू काढला तेव्हापासून, आणि खिशाच्या कडेला अडकवायची क्लिप पण त्याच चाकूला होती. आज जिकडंतिकडं दिसणारी क्लिप तिथून आली. पण पॅरामिलिटरी आहे मोठा. वजन ११० ग्रॅमच्या आसपास, खिशाबाहेर जाड दिसतो, आणि उघडला की समोरचा माणूस दचकतो. एकदा नव्या पेठेत दुकानात पार्सल उघडायला काढला तर शेजारचा गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकून म्हणाला, "का बे, हे काय घेऊन फिरतोस?" त्याचं बरोबरच होतं.

बगआउटची गोष्ट वेगळी. वजन ५२ ग्रॅम. खिशात आहे हे खरंच विसरायला होतं, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४४ वर गेला की ह्याची किंमत कळते. पातं फक्त २.३ मिलिमीटर जाड, पॅरामिलिटरीचं ३.७ आहे, त्यामुळं पेरू आणि कांदा बगआउटनंच चांगला कापला जातो, जाड पात्यानं पेरू कापत नाही, फुटतो. मूठ पाठीकडून उघडी असल्यामुळं तूस आत अडकून राहत नाही, फुंकर मारली की निघतं. लॉक म्हणजे एक आडवी दांडी, आत दोन बारीक तारेच्या स्प्रिंगा तिला पुढं ढकलतात, आणि ती दोन्ही बाजूंनी ओढता येते. आता आमच्या हिची गंमत अशी की ती डावखुरी. पॅकिंगचं सगळं तीच बघते. आजवर तिला कुठलाच फोल्डिंग चाकू डाव्या हातानं नीट बंद करता आला नव्हता, सगळ्यांची लॉकं उजव्या हाताच्या हिशोबानं केलेली. बगआउट हातात दिला, दोन मिनिटं उघडबंद केला आणि म्हणाली, "हा आता परत जायचा नाही." भावानं तिथंच वहिनीला भेट देऊन टाकला.

मला स्वतःला त्याची मूठ थोडी पातळ वाटली, जोरात दाबलं की लवते, जाड सुतळी ओढून कापताना मनात शंका राहते. तिला तसलं काम नसतं.

राहिला सेबेन्झा. क्रिस रीव मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, कंपनी तिथं १९८४ ला चालू केली, मग १९८९ ला अमेरिकेत आयडाहोमधल्या बॉइसीला गेले. सेबेन्झा हा झुलू भाषेतला शब्द, अर्थ काम. मला हे नाव कळलं तेव्हा फार बरं वाटलं, कारण ह्या चाकूत दिखाव्याचं काही नाहीच. टायटॅनियमच्या दोन पाट्या, मधे पातं. मुठीचीच एक बाजू चिरून पट्टी केलीय, पातं उघडलं की ती आत सरकून पात्याच्या बुडाला टेकते, वेगळं लॉक लावलेलंच नाही. आज जगभर ज्याला फ्रेम लॉक म्हणतात ते ह्याच माणसानं आणलेलं. ३१ नंबरच्या मॉडेलमध्ये जिथं पट्टी पात्याला टेकते तिथं एक सिरॅमिकची गोळी बसवलीय, म्हणजे टायटॅनियम झिजत नाही.

पण मी भाळलो ते आतल्या भागावर. बेअरिंग नाही, ब्राँझच्या चकत्या आहेत, सपाट, त्यात तूस शिरायला जागाच कमी. आणि पिनीभोवती अगदी मापात घासलेली बुश, म्हणजे धातूची छोटी नळी आहे, त्यामुळं स्क्रू पूर्ण आवळायचा आणि विसरायचं, अर्धा आटा सैल, पाव आटा घट्ट असलं काही करत बसायला लागत नाही. खोलायच्या चाव्या कंपनी डब्यातच देते. ज्या माणसानं झिजलेल्या स्क्रूवर ड्रिल चालवलेलं बघितलंय त्याला ह्या दोन छोट्या चाव्या काय वाटल्या असतील ते तुम्हीच समजून घ्या. पहिल्यांदा टेबलावर पांढरा टॉवेल पसरून मी तो पूर्ण खोलला, पुसला, ग्रीसचा ठिपका दिला, परत जोडला, पंधरा मिनिटं लागली. पातं आधी जिथं मधोमध बसायचं तिथंच बसलं, केसभर पण हललं नाही.

जॉबरमामांना किंमत न सांगता आठवडाभर वापरायला दिला. रोलरवरचं सूत कापताना चाकू तिरका धरून ओढावा लागतो, पात्याला आडवा ताण बसतो, साधे चाकू तिथंच सैल होतात. आठव्या दिवशी परत देताना एवढंच म्हणाले, "मालक, ह्याचं पातं डुलत नाही की." अमेरिकेत हा चारशे डॉलरच्या वर जातो हे मी त्यांना आजपर्यंत सांगितलं नाही, आणि सांगायला जीभ रेटत पण नाही, कारण ती रक्कम आपल्याकडं कुणाच्या तरी महिन्याच्या पगारापेक्षा जास्त आहे. हे मला टोचतं. तरी घेतला. दोन वर्षं पैसे बाजूला टाकत होतो, आणि अप्पांनी एक चाकू तीस वर्षं वापरला तसा मला एकच वापरायचाय.

स्टीलबद्दल थोडं, नाहीतर लोक विचारतीलच. माझ्या सेबेन्झात मॅग्नाकट नावाचं स्टील आहे. लॅरिन थॉमस नावाच्या धातुतज्ज्ञानं तयार केलेलं, २०२१ ला बाजारात आलं. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे क्रोमियमचे कठीण कण त्यात जवळपास राहतच नाहीत, सगळं क्रोमियम गंज रोखायला मोकळं राहतं, त्यामुळं घामाच्या हातानं वापरला तरी डाग पडत नाही. डाळिंब कापून तसाच विसरलो होतो, पुसल्यावर लख्ख. पण धार लावायला आपली सहाण पुरत नाही, व्हॅनेडियमचे कण सहाणेपेक्षा कडक पडतात, डायमंडची पट्टी लागते. आणि सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडं असला चाकू देऊ नका. ते काका विळी-कोयत्याला उत्तम धार लावतात, पण कोरड्या चाकावर पातळ धार तापली की पाणी उतरतं, म्हणजे स्टीलचा कडकपणा जातो.

ज्यांना एवढे पैसे घालायचे नाहीत त्यांनी ओपिनेल आठ नंबर घ्यावा, मी मनापासून सांगतोय. फ्रान्सचा, १८९० पासून बनतोय, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, बीचच्या लाकडाची मूठ, फिरवायच्या रिंगनं लॉक होतो. फळ कापायला वरच्या तिन्हीपेक्षा सरस. लाकूड दमट हवेत फुगतं, कोकणात पावसाळ्यात नेला तर माझ्याकडून उघडेना, पण आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत त्याला काही होत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीनं. शस्त्र नियमांत पात्याची नऊ इंच लांबी, दोन इंच रुंदी ही मापं आहेत, हे चाकू त्यापेक्षा बरेच लहान आहेत, पण सण, यात्रा, निवडणूक आली की पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, त्यात चाकू बाळगण्यावर पण बंदी येऊ शकते. त्यामुळं माझा चाकू कारखान्यातच राहतो. गड्ड्याच्या दिवसांत सिद्धेश्वरांच्या दर्शनाला जाताना तर खिसा दोनदा चाचपून बघतो.

पॅरामिलिटरी भावाबरोबर परत गेला. माझा सेबेन्झा त्यानं पुढच्या खेपेला आणला, आता दर महिन्याच्या शेवटच्या सुट्टीला मी आणि ही समोरासमोर बसून दोघांचे चाकू पुसतो. तिच्या बगआउटमधून तूस जास्त निघतं, माझ्यातून कमी. पण ह्या वेळी तिच्या क्लिपचा एक स्क्रू हरवलाय, भावाला कालच मेसेज टाकलाय, येताना दोन आण म्हणून.