दिवाणखान्यातलं खडकवासल्याचं पाणी

दिवाणखान्यातली माशांची टाकी बघून घरी येणारा पहिला प्रश्न विचारतो, "मासे कोणते?" ते मी सांगते. दुसरा प्रश्न, "खर्च किती आला?" तोही सांगते, जरा कमी करून, कारण नवरा शेजारीच बसलेला असतो. पाण्याबद्दल कुणीच विचारत नाही, आणि मला तर सगळ्यात जास्त बोलायचं असतं पाण्याबद्दल. म्हणून आज लिहूनच काढते.

टाकी पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. हिशेबाने 566 लिटर होतात. तळाची माती, लाकडं, दगड वजा जाता 500च्या आसपास पाणी उरतं. 12 मिलिमीटरची काच, लोखंडी स्टँड आणि हे पाणी मिळून वजन 700 किलोच्या पुढे जातं, आणि आम्ही राहतो कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर, जुन्या इमारतीत. राहत्या घराचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला 200 किलो भार धरून केलेला असतो, आणि टाकीखालची जागा एक चौरस मीटरसुद्धा भरत नाही. टाकीची ऑर्डर देण्याआधी ओळखीच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना घर दाखवलं. खोलीच्या मधोमध अजिबात नको, बीमवर घ्या, कोपऱ्यातल्या कॉलमला लागून, असं त्यांनी सांगितलं. त्या कोपऱ्यात टीव्ही होता. तो आता बेडरूममध्ये आहे आणि याबद्दल आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. सासूबाई मालवणच्या. त्यांचं म्हणणं वेगळंच आहे : एवढ्या पाण्यात एवढेसेच मासे?

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे माझं लक्ष आधी नळाकडे जातं. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांचं पाणी म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस. बेसॉल्टच्या खडकावरून वाहत आलेलं हे पाणी मऊ असतं. माझ्या मीटरवर त्यातले विरघळलेले क्षार लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या खालीच दिसतात. बऱ्याच पाणवनस्पतींना आणि अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या माशांना असंच पाणी मानवतं. बोअरवेल असलेल्या भागात हाच आकडा सहाशेवर जातो. तिथल्या लोकांना आरओचं पाणी मिसळत बसावं लागतं, मला नळ उघडला की झालं. फक्त मे महिन्यात सोसायटीत टँकर येतो आणि खालच्या टाकीत गुपचूप रिकामा होतो. मी सकाळी मीटर बुडवते, आकडा तिप्पट झालेला असतो. वॉचमनकाकांना विचारलं की म्हणतात, "म्याडम, तुम्हाला कोण सांगतं?"

गुरुवार हा दुसरा विषय. "गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने" ही बातमी पुण्यात राहणाऱ्याला तोंडपाठ असते. शुक्रवारी नळाला पहिलं येतं ते बऱ्याचदा गढूळ आणि कधीकधी क्लोरीनचा वास मारणारं. म्हणून टाकीचं पाणी बदलायचं ते रविवारी. दर वेळी 150 लिटर, पाइपने सायफन लावून. बाहेर काढलेलं पाणी गच्चीतल्या कुंड्यांना जातं. त्यात नायट्रेट असतं आणि अनंताला ते फार आवडतं.

क्लोरीन घालवायला मी हायपो वापरते. फोटो धुण्याच्या जमान्यातला तोच सोडियम थायोसल्फेट. बाजारात याच्याच निळ्या बाटल्या पाचपट किमतीला मिळतात. एक मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण सात मिलिग्रॅम हायपो लागतो. लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन धरला, आणि नळाला सहसा त्याहून कमीच असतो, तरी 150 लिटरला ग्रॅमभर पुरतो. हा ग्रॅम टाळला तर मासे लगेच मरतीलच असं नाही, पण फिल्टरमधले जिवाणू मरतात. सगळा संसार त्यांच्यावर चालतो. माशांच्या विष्ठेतला आणि उरलेल्या अन्नातला अमोनिया ते आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. पहिले दोन्ही विषारी, तिसरा त्यामानाने निरुपद्रवी. ही जिवाणूंची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासे सोडू नयेत. दुकानदार मात्र टाकीसोबत त्याच दिवशी मासेही पिशवीत घालून देतो. आठवड्याभरात ते मेले की गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येतं. मला हा धंदा पटत नाही.

आता माझा लाडका भाग. दाट झाडं हवी असतील तर नुसता दिवा पुरत नाही, पाण्यात कार्बन डायऑक्साइडही सोडावा लागतो. अग्निशामक सिलिंडर भरून देणारे लोक हाच वायू भरतात. त्यांच्याकडून भरून आणलेला सिलिंडर स्टँडच्या कप्प्यात उभा असतो. सिलिंडरमध्ये वायू दाबाखाली द्रवरूपात असतो, म्हणून जोवर आत द्रव शिल्लक आहे तोवर दाब दाखवणारा काटा खाली येत नाही. तो फक्त तापमानावर हलतो. जानेवारीत पहाटे माझा काटा पन्नास बारच्या (बार हे दाबाचं एकक) जवळ असतो, एप्रिलमध्ये सत्तरला टेकतो. आणि 31 अंशांच्या वर गेलं की द्रव आणि वायू हा फरकच उरत नाही. अकरावीच्या पुस्तकात ज्याला क्रांतिक तापमान म्हणतात ते हेच. दर वर्षी हे फळ्यावर शिकवताना मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात. एकदा चार मुलांना घरी आणून तो काटा दाखवला. त्यांना जास्त मजा वाटली ती कोळंबीची, पण असो.

किती वायू सोडायचा हे कळायला टाकीत काचेची एक छोटी वाटी उलटी लावलेली असते. तिच्यातलं सूचक द्रावण मी घरीच करते : लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात 0.12 ग्रॅम खायचा सोडा आणि ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब. निळं राहिलं तर वायू कमी, पिवळं झालं तर माशांना धोका, हिरवं असेल तर लिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे बरोबर. एवढासा सोडा तोलायचा म्हणजे चांगला वजनकाटा हवा. तो नसेल तर 1.2 ग्रॅम सोडा लिटरभर पाण्यात विरघळवायचा आणि त्यातलं थोडं घेऊन दसपट पातळ करायचं. दिवा दुपारी दोन ते रात्री नऊ, टायमरवर. वायू त्याआधी तासभर सुरू होतो आणि दिव्याआधी बंद. रात्री झाडंही श्वसनच करतात, तेव्हा त्यांना तो नको असतो.

झाडांची यादी देत नाही. क्रिप्ट, व्हॅलिस, रोटाला, लाकडाला बांधलेली जावा फर्न आणि अॅन्युबियस, एवढंच. या शेवटच्या दोघींचा आडवा कंद मातीत पुरू नका, सडतो. ताकाशी आमानो हे या छंदातलं जपानी दैवत. 2015 साली वारले, आणि त्याच वर्षी लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी केलेली 40 मीटर लांबीची, एक लाख 60 हजार लिटरची टाकी खुली झाली. त्यांच्या टाक्यांमध्ये दगड कुठे, वाळू कुठे, रिकामी जागा किती, सगळं ठरलेलं असतं. मला ते बघायला आवडतं, पण घरात नको. माझ्या टाकीत मागे काय चाललंय ते मलाही दिसत नाही आणि मला तेच बरं वाटतं.

मासे दोन मुलखांतले. कार्डिनल टेट्रांचा मोठा थवा, मूळचे ब्राझीलच्या रिओ नेग्रोचे. आणि सहा डेनिसन बार्ब, ज्यांना दुकानात "मिस केरळ" म्हणतात : नाकापासून निम्म्या अंगापर्यंत लाल पट्टा, त्याखाली काळी रेघ. हा मासा केरळ आणि कर्नाटकातल्या घाटातल्या नद्यांचा. 1865 साली त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि 2013 मध्ये त्याच्या प्रजातीला नावच "सह्याद्रिया" मिळालं. वाटेल की कोकणकड्याच्या नात्याने हा पुण्यात सुखाने राहील. पण पुण्याचा मे यालाच सगळ्यात जास्त बाधतो. घाटातल्या वाहत्या, गार, प्राणवायूने भरलेल्या पाण्याची त्याला सवय. 25 अंशांना लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 32 अंशांना तो 7.3वर येतो. ब्राझीलचे टेट्रा निवांत असतात आणि हे सहा जण फिल्टरच्या धारेपाशी रांगेत उभे.

त्यावर उपाय स्वस्तातला आहे. पाण्यावर वारा मारणारे छोटे पंखे लावायचे. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी, त्यामुळे बाष्पीभवन जोरात होतं आणि दोन-तीन अंश सहज उतरतात. दादरला राहणाऱ्या माझ्या बहिणीने तेच पंखे लावले, तिच्याकडे दमट हवेत निम्मंही जमत नाही. मात्र इथे रोज बादलीभर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ती तूट टँकरच्या पाण्याने भरली तर आकडा चढतच जातो, म्हणून उन्हाळ्यात वरची भर फक्त आरओच्या पाण्याची. रात्री एअरस्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सुरू, आणि तो इन्व्हर्टरवर, कारण वीजही गुरुवारीच जाते.

डेनिसन घेणार असाल तर पैदास केलेले आहेत ना, हे विचारून घ्या. नदीतून या छंदासाठीच इतके उपसले गेले की तो संकटग्रस्त यादीत आहे. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर नका घेऊ.

छाटणी मी कधीही मोरीत किंवा ओढ्यात टाकत नाही, कंपोस्टच्या डब्यात टाकते. जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतूनच आली, आणि मुळा-मुठेवर तिचं काय झालंय ते कुठल्याही पुलावरून दिसतं. सकर माशाचं तसंच. "काच साफ करतो" म्हणून बोटभर असताना विकतात, तो वाढून फुटाच्या वर जातो, मग दया येऊन लोक त्याला नदीत सोडतात. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात आता तेच सापडतात आणि त्यांच्या काट्यांनी जाळी फाटतात.

आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा असाच एक सकर बादलीत घेऊन पाषाण तलावाकडे निघाला होता. त्याच्या आईला म्हटलं, वहिनी, तलावात नको, माझ्याकडे द्या. सध्या तो गच्चीवर निळ्या ड्रममध्ये आहे, काकडी खातो. कुणाला हवा असेल तर फुकट देते. चार फुटांपेक्षा लहान टाकी असलेल्यांनी कृपया विचारू नये.