चितारी कुठं उभा आहे?

"बाई, तुम्ही ड्रॉइंगच्या ना? मग पोरांना पुतळे आणि देवळं दाखवत का फिरवता?"

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न पालकसभेत ऐकला, इतिहासाच्या सरांकडून जरा लागट सुरात ऐकला, आणि आता निवृत्त झाल्यावर लग्नाच्या पंगतीला शेजारी बसलेली बाईसुद्धा जिलेबी मोडता मोडता हेच विचारते. बहुतेक वेळा मी "हौस हो, दुसरं काय," म्हणून वेळ मारून नेते. तुम्ही मात्र नीट विचारलंत, म्हणून नीट सांगते.

सुरुवात इतिहासापासून झालीच नाही. ती झाली बादलीपासून. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला वस्तुचित्र असतं. टेबलावर बादली, तांब्या, दोन कांदे मांडायचे आणि भोवती चाळीस पोरं बसवायची. बाकावरच्याला बादलीचं तोंड लंबगोल दिसतं, मागं उभं राहिलेल्याला ते जास्त उघडं दिसतं, खाली फरशीवर मांडी घातलेल्याला जवळजवळ रेघ. पण पोरं काढतात गरगरीत गोल, कारण बादली गोल असते हे त्यांना माहीत असतं. मग आम्ही ड्रॉइंगवाले ओरडतो, "माहीत आहे ते काढू नको, दिसतं ते काढ! तुझी आय लेव्हल, डोळ्यांची पातळी, कुठाय?" एकदा सातवीतली एक पोरगी खोडरबर खाली ठेवून म्हणाली, "मग बाई, खरी बादली कुठली?"

मी म्हटलं, जो तो आपल्या जागेवरून खराच काढतोय. म्हणून चित्र बघताना आधी विचारायचं, काढणारा कुठं बसलाय. तिला ते पटलं का माहीत नाही, पण मला पटलं. तेव्हापासून 'कला हा समाजाचा आरसा आहे' हे निबंधातलं वाक्य कुणी म्हटलं की माझ्या कपाळावर आठी पडते. आरशाला कुणी पैसे देत नाही. आरशाला पोट नसतं, धनी नसतो, भीती नसते. चितारी कुणाच्या तरी सांगण्यावरून, कुठल्या तरी जागी बसून काढतो, आणि ती जागा सापडली की त्या काळाचा निम्मा इतिहास हाताला लागतो. माझी सगळी शिकवणूक या एका प्रश्नावर चालली.

आता आमच्या कोल्हापुरातल्या चौकाचं सांगते. एका वर्षी स्मरणचित्राला मी 'आपला शिवाजी चौक' दिला. निम्म्या वर्गानं महाराजांना पाय काढले, दोघांनी तर घोडाही दिला. मी म्हटलं, पुतळा अर्धा आहे. एक मुलगी भांडायलाच उठली, "काय ओ बाई, मी रोज जातो हितनं, हायतच की पाय!" (आमच्याकडच्या मुली 'जातो', 'आलो' असंच बोलतात, पुण्याच्या पाहुण्यांनी हसायचं कारण नाही.) दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन गेले. पोरगी बघतच राहिली. रोज जाऊन न बघितलेली गोष्ट पहिल्यांदा बघताना माणसाचा चेहरा कसा होतो, त्यासाठी मी आणखी सत्तावीस वर्षं नोकरी केली असती.

तिथंच उभ्या उभ्या विचारलं, आधी इथं कोण होतं? कुणाला सांगता येईना. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत त्याला डांबर फासलं गेलं, त्यात कोल्हापूरच्या बायकाही पुढं होत्या. आणि १९४५ मध्ये त्याच जागी बाबूराव पेंटरांनी घडवलेला महाराजांचा अर्धपुतळा आला. म्हणजे इंग्रज अजून जायचे होते आणि चौकातला मालक बदलला होता! "बाई, पुतळा बदलला म्हणजे राज्य बदललं का?" एकानं विचारलं. "तूच बघ, कुठलं आधी झालं," एवढंच म्हटलं. तारखा पाठ करायला लावल्या नाहीत. तरी त्या वर्गातल्या पोरांना १९४५ आणि १९४७ यांतला फरक कधी सांगावा लागला नाही.

बाबूराव पेंटरांचं नाव निघालं की मी थांबत नाही, हे माझे विद्यार्थी सांगतील. आडनाव मेस्त्री. घराण्यात सुतारकाम, कोरीवकाम. ते आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, रस्ता, बाग, जंगल. हे पडदे मी आय लेव्हल शिकवायला वापरते, कारण रंगमंचाच्या पडद्यावरचा राजवाडा समोर मधोमध बसणाऱ्याला सगळ्यात खरा दिसतो. कडेच्या आणि मागच्या स्वस्त जागांवरून त्याचे खांब कललेलेच. समोर मधोमध कोण बसायचं, ते पोरांना सांगावं लागत नाही. (१९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं आपलं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी फोनवर रडला. नाटकवाला नाही, फॅब्रिकेशनचं दुकान आहे त्याचं. म्हणाला, "बाई, तुम्ही आम्हाला कडेच्या खुर्चीवर बसवून खांब वाकडे दाखवले होते.")

तर हेच बाबूराव पुढं कॅमेरा स्वतः जुळवून सिनेमा काढायला लागले. १९२० चा 'सैरंध्री' महाभारतातला. पण १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. त्यात देव नाहीत, राजे नाहीत. सावकार आहे, गहाण पडलेली जमीन आहे, आणि ती गमावून शहरात गिरणीकामगार झालेला शेतकरी आहे. तो तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी केला होता. राजवाड्याचे पडदे रंगवणारा माणूस झोपडीत जाऊन बसला, असं मी वर्गात सांगते.

अडचण एकच, तो मूकपट आज उरलेला नाही. जे नाही ते दाखवायचं कसं? मी गोष्ट सांगायची आणि म्हणायची, यातलं एक दृश्य काढा. झोपडीबाहेर रडणारं कुत्रं त्या सिनेमात होतं, ते बहुतेक जण काढतात. एका मुलानं माणूस काढलाच नाही, झोपडी नाही, कुत्रंही नाही. पानभर एक कागद काढला, खाली अंगठ्याचा ठसा, आणि ठशातल्या रेघा नांगरटीसारख्या ओढलेल्या. मी विचारलं, हे कुठनं सुचलं? "आमच्या आज्ज्याच्या ट्रंकेत हाय तसला," म्हणाला, आणि पुढं बोलला नाही. मीही विचारलं नाही. त्या दिवशी मी सुप्याची गोष्ट सांगितली. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी सावकारांची कर्जखतं शोधून शोधून जाळली. वर्ग ऐकत होता. तो मुलगा आपल्या कागदाकडे बघत होता. ज्यांना वाटतं मी ड्रॉइंगच्या तासाला इतिहास घुसडते, त्यांना मी हे सांगू बघते की तो ट्रंकेत आधीपासून असतो. माझं काम फक्त झाकण उघडायचं.

टाउन हॉलच्या म्युझियममधे मात्र मी फार बोलत नाही. तिथं ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेच्या काठावर समुद्राचा ग्रीक देव! "बाई, हा कुठला म्हसोबा?" हा प्रश्न ठरलेला. व्यापार, जहाजं, सातवाहन काळ एवढं सांगून मी पोरांना आबालाल रहिमान यांच्या चित्रांपुढं नेऊन उभं करते.

आबालाल कोल्हापूरचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार झाले, १९३१ साली गेले. खूप काढलं म्हणतात, उरलं मोजकं. साहेबाच्या शाळेत साहेबाचे जलरंग शिकून आलेला हा माणूस येऊन बसला कुठं, तर कोटीतीर्थ तळ्याच्या काठाला. पाणी, झाडी, सकाळचं ऊन. म्युझियममधून निघालो की आम्ही कोटीतीर्थावर जातो आणि पोरांना सांगते, शोधा, ते कुठं बसले असतील. पोरं काठाकाठानं वाकून, डोळे बारीक करून हिंडतात. जागा सापडत नाही, कारण भोवती शहर उभं राहिलंय. पण एक गोष्ट त्यांना हमखास सापडते. मान खाली घालावी लागते, पाण्याजवळ बसावं लागतं. दरबारी चितारी आणि आय लेव्हल बेडकाची, असं एक कार्टं म्हणालं. यापेक्षा चांगलं मला कधी म्हणता आलं नाही.

या सगळ्याचा त्रासही झाला, तो लपवत नाही. माझी पहिली नोकरी शिरोळ तालुक्यात होती, त्यामुळं खिद्रापूर जवळ. तिथल्या कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात अठ्ठेचाळीस खांबांच्या मधोमध उताणं झोपून छताच्या गोल मोकळ्या जागेतून आभाळाकडं बघायला मी कितीतरी वर्गांना लावलंय. गुरवांना ते आवडत नसे, पण चालवून घ्यायचे. शिलाहारांच्या काळातलं बाराव्या शतकातलं देऊळ. तिथं यादवांच्या सिंघणाचा शके ११३६ चा संस्कृत लेख आहे आणि कानडी लेखही आहेत. पोरं दगडावर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसे घेत होती. एकानं विचारलं, "बाई, आपल्या देवळात कानडी कसं काय?" मी म्हटलं, तेव्हा इथले राजे दगडावर कानडी लिहीत होते. एवढंच. पोरानं घरी जाऊन ते सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी त्याचे वडील मुख्याध्यापकांच्या खोलीत. सीमाभागाचा प्रश्न घराघरात पेटलेला, आणि ही ड्रॉइंगची बाई देऊळ कानड्यांचं म्हणते! मी काही म्हणाले नव्हते, दगड म्हणाला होता. मुख्याध्यापक भले होते. म्हणाले, "बाई, जरा बेतानं." मी बेतानं घेतलं, म्हणजे पुढच्या वर्षी त्या पालकांनाच सहलीला बरोबर नेलं. ते दिवसभर गप्प होते. परतताना एसटीत म्हणाले, "हत्तींच्या सोंडा फोडल्यात ओ." मी म्हटलं, हो.

तिकडच्याच गावांत वीरगळ असतात, लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. मारुतीच्या देवळामागं, पारावर, कधी कुणी तेल-शेंदूर फासलेले, कधी उलटे करून धुण्याचा दगड केलेले. वीरगळ खालून वर वाचायचा. खाली लढाई, वरच्या चौकटीत अप्सरा वीराला नेतायत, त्याच्यावर तो पिंडीपुढं हात जोडून बसलेला, आणि माथ्याला चंद्र-सूर्य. त्याची कीर्ती चंद्र-सूर्य असेतो. पोरांना हे फार आवडतं, चित्रकथाच ती. एकानं खालच्या चौकटीत पायाखाली पडलेल्या माणसावर बोट ठेवून विचारलं, "ह्याचा दगड कुठाय?" आणि शेजारी सतीचा दगड होता. सतीशिळेवर कोपरात वाकलेला हात असतो, बांगड्या भरलेला. आठवीतल्या दोन मुली त्यापुढं बराच वेळ उभ्या राहिल्या. एक दुसरीला म्हणाली, "त्यो अख्खा, आणि ती नुसता हात." मी वही काढून तारीख टाकून ते वाक्य लिहून ठेवलं. त्यावर माझ्याकडं तेव्हाही बोलण्यासारखं काही नव्हतं.

बिंदू चौकाबद्दल इतकंच. तिथले महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे १९५० साली उभे राहिले, बाबासाहेब हयात असताना, केंद्रात कायदेमंत्री असताना. पुढाकार माधवराव बागल यांचा. पोरांना मी मुद्दाम सांगते की बागल जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार होते. चित्रकार म्हणजे झोळीवाला, केस वाढवलेला, जगाशी देणंघेणं नसलेला, हे डोक्यातलं चित्र आधी पुसावं लागतं.

आता इतिहासाच्या सरांचं. त्यांनी एकदा मला अडवून विचारलं, "पण मुलांच्या चित्रात इतिहास कुठंय? ती तर दोन डोंगर, मधे सूर्य आणि झोपडीच काढतात." बरोबर होतं. कोल्हापुरात गुऱ्हाळं असताना, तालमी असताना, रंकाळा असताना पोरं कुठल्या तरी नारळाच्या झाडाखालची झोपडी काढत.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगा गावात शिरली. शाळा उघडली तेव्हा भिंतीवर पाण्याची रेघ होती, माझ्या खांद्याएवढी, आणि वर्गाला अजून चिखलाचा वास. मी विषय दिला नाही. नुसते कागद वाटले. एकाही कागदावर डोंगर आला नाही. बोटी आल्या, हेलिकॉप्टर आलं, दोरी आली, सिलिंडर तरंगताना आला. एका मुलाच्या चित्रात सगळं वरून दिसत होतं. छपरं, तपकिरी पाणी, पाण्यात अर्धी बुडालेली कमान, आणि समोरच्या घराच्या गच्चीवर तीन म्हशी. प्रत्येकीच्या पाठीवर पाऊस रेघांनी काढलेला. त्याच्या घरची माणसं होती, शेजारची होती, कुत्रं होतं.

सवयीनं विचारलं, "सगळे आहेत की रे. तू कुठं आहेस?"

तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू एवढी वर्षं मी त्याला काही शिकवलंच नव्हतं.

"बाई, मी आमच्या गच्चीवर. म्हणून तर म्हशी दिसल्या."